१०९८ पासून विशेष न्यायालयापर्यंत: मुंबईतल्या पॉक्सो तक्रारसेवेचं परीक्षण

मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची तक्रार करायला मुंबईत तीन दारं आहेत: १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन, ११२ हा आणीबाणीचा क्रमांक आणि पोलीस ठाणं. १०९८ ही सेवा १९९६ साली याच शहरात, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून सुरू झाली. २०२३ मध्ये ती राज्य सरकारांकडे गेली आणि ११२ शी जोडली गेली. फोन फुकट, चोवीस तास. मात्र १०९८ ला कळवलं म्हणजे एफआयआर झाला, असं नव्हे. मुलाला घरातून हलवायचं असेल, सल्ला हवा असेल तर १०९८. आरोपी समोर उभा असेल तर ११२. गुन्हा नोंदवायला शेवटी ठाणंच.

२०१२ चा पॉक्सो कायदा, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, कागदावर चोख आहे. अडचण एवढीच की त्यातल्या बऱ्याच गोष्टी नाव घेऊन मागाव्या लागतात.

प्रसंग लोकलमध्ये घडला असेल तर हद्द लोहमार्ग पोलिसांची. तरीही जवळचं ठाणं तक्रारदाराला परत पाठवू शकत नाही. झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवायचा गुन्हा, आता थेट भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय निघू नये. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल त्या जागी, अधिकाऱ्याने गणवेश न घालता घ्यायचा असतो. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो शाळेत. वर्गशिक्षिका विचारते, मग पर्यवेक्षिका, मग मुख्याध्यापक, मग विश्वस्त. मूल चार वेळा सांगतं, चारही वेळा तपशील थोडा हलतो आणि उलटतपासणीत बचावाचा वकील नेमकं तेच उचलतो. एकदाच ऐकावं, मुलाचेच शब्द जसेच्या तसे लिहावेत, खाली तारीख आणि वेळ टाकावी. ‘आधी अंतर्गत चौकशी करू’ ही सोय कायद्यात नाही. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, संस्थाप्रमुख आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल गप्प राहिला तर एक वर्षापर्यंत.

कपडे धुवू नयेत. ओले असतील तर सावलीत वाळवून कागदी पिशवीत ठेवावेत. प्लास्टिकमध्ये दमटपणा राहतो, बुरशी धरते आणि पुरावा जातो. वैद्यकीय तपासणीला एफआयआरची वाट पाहावी लागत नाही, कलम २७ तसं स्पष्ट म्हणतं. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची. एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, त्यामुळे आधी रुग्णालय गाठलं तरी काही बिघडत नाही.

वयाचा पुरावा हाही नेहमीचा खड्डा. शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र. ते नसेल तर पालिकेचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. नुसता शाळा सोडल्याचा दाखला चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलंय. पालिकेचा दाखला काढायला वॉर्ड ऑफिसात पहिल्याच आठवड्यात जावं.

आता या सेवेतली सर्वात उपयोगी आणि सर्वात कमी मागितली जाणारी गोष्ट: सहाय्यक व्यक्ती. पोलिसांनी २४ तासांत मुलांच्या संरक्षणाचे निर्णय घेणाऱ्या बाल कल्याण समितीला कळवायचं असतं आणि समिती तपासापासून खटल्यापर्यंत सोबत राहणारा माणूस नेमू शकते. समितीपुढे पहिल्याच भेटीत लेखी अर्ज द्यावा. त्याच अर्जात प्रवास, जेवण, कपडे यांसाठी तातडीची मदतही मागावी. पॉक्सोच्या २०२० च्या नियमांप्रमाणे शिफारशीनंतर ती आठवड्याभरात द्यायची असते. भरपाईचा अर्ज वेगळा, तो विशेष न्यायालयाकडे; अत्याचारपीडितांसाठीच्या राज्याच्या मनोधैर्य योजनेचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे.

न्यायालयात मुलाला आरोपी दिसणार नाही अशी आडोशाची सोय असते आणि वकिलांचे प्रश्न न्यायाधीशांमार्फत विचारले जातात. साक्ष ३० दिवसांत, खटला शक्यतो वर्षात, असं कलम ३५ म्हणतं. त्यातल्या ‘शक्यतो’वर फार विसंबू नये.

एक मोठी उणीव मात्र कायद्याचीच आहे. संमतीचं वय सरसकट १८, त्यामुळे सतरा वर्षांची दोन मुलं आपखुशीने जवळ आली तरी यंत्रणा तीच फिरते. समाजसुधारक बेहरामजी मलबारी आणि बालविवाह झुगारणाऱ्या रखमाबाईंच्या या शहरात संमतिवयाचा वाद १८९१ च्या आधीपासून रंगलाय. तेव्हा वय १० वरून १२ झालं होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या निकालाने एक फट ठेवली: संमतीच्या संबंधातून गर्भ राहिलेली अल्पवयीन मुलगी गर्भपाताला आली, तर ती आणि तिचे पालक म्हणतील तेव्हा डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचं नाव देण्याची गरज नाही. ही विनंती डॉक्टरपुढे लेखी ठेवावी, कारण स्वागतकक्षातल्या माणसाला हा निकाल माहीत असेलच असं नाही.