गेमिंग राउटर घ्यावा की साधा?

भांडुपच्या भाच्याने परवा विचारलं, "मामा, गेम सारखा अडकतो. गेमिंग राउटर घेऊ का?" खोक्यावरचे आठ अँटेना आणि लाल दिवे बाजूला ठेवून बघू.

किमतीत फरक मोठा. वायफाय ६ चा चांगला साधा राउटर ३-४ हजारांत येतो, गेमिंगवाला सहज १५ हजारांच्या पुढे जातो.

खरा मुद्दा पिंगचा, म्हणजे डेटाला गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणाऱ्या वेळेचा. राउटरचा ताबा फक्त घरातल्या टप्प्यावर असतो. सर्व्हर सिंगापूरला असेल तर फायबरमधून जाऊन यायला प्रकाशालाच जवळपास ४० मिलिसेकंद लागतात. तिथे महागातला राउटरही काही करू शकत नाही.

भाच्याच्या घरी वायफायची यादी उघडली, तर शेजाऱ्यापाजाऱ्यांची बावीस नावं, बहुतेक २.४ गिगाहर्ट्झ या वायफायच्या पट्ट्यावर. त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. म्हणजे सिग्नलची गर्दीच. मग दाराच्या चौकटीवरून राउटरपासून कॅट ६ (नेटवर्कची) केबल ओढून थेट कॉम्प्युटरला लावली. गेम अडकायचा थांबला. जुनाच राउटर, केबलचे पाचशेही लागले नाहीत!

गेमिंग राउटर कामी येतो तो घरात कुणी मोठं अपलोड करत असताना गेमचा डेटा आधी सोडायला. पण ही क्यूओएसची सोय काही साध्या राउटरमध्येही असते, घेताना नक्की विचारा.

वन-बीएचकेत एकटा खेळणारा असेल तर साधा राउटर आणि केबल. घरात दोघं-तिघं एकाच वेळी खेळतात, स्ट्रीमिंग करतात आणि केबल ओढणं शक्यच नाही, त्यांनीच गेमिंग राउटरचा विचार करावा.