प्रॉव्हिडन्सच्या बाप्टिस्ट मंडळीत चार रविवार

लेकीच्या बाळंतपणासाठी मी नगरहून अमेरिकेत आले, ऱ्होड आयलंड राज्यातल्या प्रॉव्हिडन्स गावी. नात सव्वा महिन्याची झाली तेव्हा तान्ह्या बाळाला पाण्याने ख्रिस्ती मंडळीत सामील करून घेण्याच्या आपल्याकडच्या रीतीने विचारलं, "बाप्तिस्मा कधी धरायचा?" लेक म्हणाली, "आई, ती मोठी होऊ दे. तिचं ती ठरवेल."

त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या घरच्या जुन्या पवित्र शास्त्राच्या पहिल्या कोऱ्या पानावर चार पिढ्यांची नावं आहेत. प्रत्येक नावापुढे दोन तारखा, जन्माची आणि बाप्तिस्म्याची. दोन्हींत क्वचितच तीन महिन्यांहून जास्त अंतर. सकाळी लेक म्हणाली, "तू रविवारी माझ्याबरोबर चल, मग बोलू." एका रविवारचे चार रविवार झाले. बाप्टिस्ट म्हणजे कळत्या वयात स्वतः विश्वास कबूल करूनच बाप्तिस्मा घ्यावा असं मानणारे ख्रिस्ती. त्यांच्या 'फर्स्ट बाप्टिस्ट चर्च इन अमेरिका' या मंडळीबद्दल जे सांगते ते त्या चार रविवारांवरून.

आधी इमारत. नॉर्थ मेन स्ट्रीटवर, टेकडीच्या पायथ्याशी, 185 फुटी शिखराचं हे पांढरं लाकडी घर लांबूनच दिसतं. माझे वडील सुतारकाम शिकवायचे, त्यामुळे माझी नजर आधी सांध्यांकडे गेली. आत गेल्यावर कळलं की हे जहाज बांधणाऱ्या सुतारांचं काम आहे. बॉस्टनमध्ये चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्याची शिक्षा म्हणून इंग्रजांनी 1774 मध्ये ते बंदर बंद केलं. गोदीतले कारागीर बेकार झाले आणि कामाच्या शोधात इकडे आले. मे 1775 मध्ये वास्तूचं समर्पण झालं. गावची वस्ती साडेचार हजारांच्या आत असताना बाराशे माणसं बसतील एवढं घर या लोकांनी उभारलं. दोन कामांसाठी, हे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं होतं: देवाची उपासना आणि कॉलेजचा पदवीदान समारंभ. ते कॉलेज म्हणजे आजची ब्राउन युनिव्हर्सिटी. आजही मे महिन्यात पदवीधरांची मिरवणूक टेकडी उतरून इथेच येते.

आत डोळ्यांत भरतं ते काचेचं भव्य झुंबर, 1792 मध्ये एका मुलीने वडिलांच्या स्मरणार्थ दिलेलं. बाकी सगळं साधं. उंच खिडक्या, फिकट रंगाच्या भिंती, आणि मधोमध वेदी नाही, उपदेशाचं व्यासपीठ. शास्त्र उघडून वाचायचं आणि त्यावर बोलायचं, हे इथे केंद्रस्थानी आहे. ते बसल्या जागेवरूनच कळतं.

तिसऱ्या रविवारी मी बाप्तिस्मा पाहिला. एक मध्यमवयीन गृहस्थ पांढऱ्या झग्यात पाण्यात उतरले. पाळकांनी त्यांना विश्वासाबद्दल विचारलं, त्यांनी स्वतःच्या तोंडाने उत्तर दिलं, आणि त्यांना पूर्ण पाण्याखाली नेऊन वर काढलं. मरण, पुरणं, पुन्हा उठणं, तिन्ही गोष्टी दोन-तीन सेकंदांत. वर आल्यावर ते धापा टाकत होते, आणि सगळी मंडळी त्यांच्याकडे बघून रडत-हसत होती. मी आयुष्यभर बाप्तिस्मा म्हणजे तान्ह्याच्या कपाळावरचं पाणी आणि त्यामागून येणारं त्याचं रडणं एवढंच पाहिलं होतं.

इथे मला एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. मी चोवीस वर्षांची असताना आपल्याकडच्या एका उपदेशकांनी चार लोकांत मला सांगितलं होतं, "ताई, तुमचा बाप्तिस्मा खरा नाही. नुसतं शिंपडलंय." माझ्या आईने मांडीवर घेऊन जे केलं ते खोटं? तो सल कायम राहिला. म्हणून त्या दिवशी बाकावर शेजारी बसलेल्या बाईंना मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलंच, "मग माझा मोजत नाही का?" त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "ते तुम्ही आणि देव बघा. मी कोण सांगणारी?" मला वाटलं होतं त्या मला पटवायला बसतील.

नंतर समजलं की हे उत्तर या मंडळीच्या मुळातच आहे. रॉजर विल्यम्स या पाळकांनी मॅसॅच्युसेट्समध्ये सांगायला सुरुवात केली की माणसाच्या विवेकावर सरकारचा हक्क नाही, कोणाला देवळात ओढून नेऊ नये. तिथल्या न्यायालयाने 1635 मध्ये त्यांना हद्दपार केलं. ते नॅरागॅन्सेट या मूळ रहिवासी लोकांच्या मुलखात आले, त्यांच्या सरदारांकडून जागा मिळवली आणि 1636 मध्ये हे गाव वसवलं. त्या लोकांची भाषा शिकून तिच्यावर पुस्तकही लिहिलं. 1638 मध्ये त्यांनी या मंडळीची सुरुवात केली. त्यांचं म्हणणं स्वतःच्या पंथापुरतं नव्हतं. यहुदी, मुसलमान, कॅथलिक, कोणताच देव न मानणारा, सगळ्यांना मोकळीक हवी. आणि स्वतः विल्यम्स काही महिन्यांतच ही मंडळी सोडून गेले, कारण त्यांचा शोध संपला नव्हता. ज्या मंडळीचा संस्थापक सोडून जातो आणि तरी ती त्याचं नाव आदराने घेते, तिच्या शब्दावर विश्वास ठेवावासा वाटतो.

बाकीच्या धारणा त्याच मुळातून फुटतात. बिशप नाही, मंडळीचे निर्णय सभासद मतदानाने घेतात. सक्तीचा मतांगीकार, म्हणजे सगळ्यांनी कबूल करायचं ठरावीक विश्वासवचन, नाही. प्रत्येक विश्वासणारा स्वतःच याजक, म्हणजे देवासमोर स्वतःच उभा राहणारा पुरोहित. जुन्या नगरकरांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल, कारण अमेरिकन मिशनऱ्यांनी आपल्याकडे सुरू केलेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्याही आपापला कारभार आपणच बघायच्या.

आणि खरा धागा तर पुढेच आहे. अ‍ॅडोनिराम जडसन 1807 मध्ये याच कॉलेजातून पहिल्या क्रमांकाने पदवीधर झाले. 1812 च्या फेब्रुवारीत त्यांच्याबरोबर हिंदुस्थानासाठी मिशनरी म्हणून दीक्षा झाली ती गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट यांची. जहाजावर जडसन नव्या कराराच्या ग्रीक मजकुरात बाप्तिस्म्याचा अर्थ तपासत बसले, कारण बंगालमधल्या श्रीरामपूरला मिशनरी विल्यम कॅरींच्या बाप्टिस्ट मंडळींशी गाठ पडणार होती. तपासता तपासता त्यांचंच मत बदललं. सप्टेंबरमध्ये कलकत्त्यात त्यांनी बुडवून बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ब्रह्मदेशात गेले. हॉल आणि नॉट मात्र 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईला पोचले, आणि तिथून मराठी मिशन सुरू झालं. हॉल 1826 मध्ये नाशिकजवळ पटकीने गेले. तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा द्यावा की नाही, या एका प्रश्नावर ती वाट फुटली होती. दोनशे वर्षांनी माझ्या लेकीच्या स्वयंपाकघरात मायलेकी त्याच फाट्यावर उभ्या होतो. आपल्या सीएनआयमध्ये, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये, 1970 पासून दोन्ही रीती मान्य आहेत, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि नातीच्या बाबतीत मान्य करणं वेगळं.

एक गोष्ट मला फार लागली. पूर्वी इथे सज्जाच्याही वर आणखी एक गॅलरी होती, गुलामांना आणि मूळ रहिवाशांना बसायला. एकोणिसाव्या शतकात ऑर्गन बसवताना ती काढली. ज्या ब्राउन घराण्याच्या पैशावर आणि कष्टावर ही वास्तू उभी राहिली, त्यातल्या काहींचा गुलामांचा व्यापार होता. त्याच घराण्यातले मोझेस ब्राउन पुढे गुलामगिरीच्या विरोधात ठाम उभे राहिले, हेही खरं. माझ्या पणज्याला गावच्या देवळाबाहेर उभं राहावं लागायचं, म्हणून तर तो ख्रिस्ती झाला. मी ऑर्गनच्या दिशेने वर बघत बराच वेळ बसले. विवेकाचं स्वातंत्र्य सांगणाऱ्या व्यासपीठासमोर ती माणसं सर्वांत वर, सर्वांत मागे बसून काय ऐकत असतील? हा प्रश्न मनात घेऊन तिथे बसावं, असं मी प्रत्येकाला सांगेन.

शेवटच्या रविवारच्या रात्री लेकीने जुनं शास्त्र बाहेर काढलं. मी येताना ते सामानात आणलं होतं, या एका कामासाठीच. मी नातीचं नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली आणि पेन लेकीच्या हातात दिलं. तिने दुसऱ्या रकान्याभोवती फक्त एक बारीक चौकट आखली.

मुलांकडे राहायला आलेल्या आईवडिलांनी इथे जरूर यावं, ख्रिस्ती असोत वा नसोत. उपासनेला अर्धा तास आधी पोचा, टेकडीच्या बाजूने पार्किंग मिळणं कठीण जातं आणि चढ दमवतो. उपासना इंग्रजीत असते. त्या दिवशीचं वचन आधी आपल्या मराठी शास्त्रातून वाचून गेलात तर उपदेश नीट कळतो, मी तसंच केलं. मे महिन्याच्या अखेरीस पदवीदानामुळे सगळा रस्ता गर्दीने भरतो, तेव्हा शांतपणे बसायचं असेल तर दुसरा रविवार निवडा.