आठ महिने, चार नळ्या आणि ढीगभर चिकटपट्ट्या

डाव्या अंगाला पक्षाघात झाल्यावर आई घरी आली, तेव्हा तिच्या अंगावर तीन नळ्या होत्या. नाकातून पोटात गेलेली राईल्स ट्यूब, लघवीचा कॅथेटर आणि उजव्या दंडातली पिक लाईन, म्हणजे दंडाच्या शिरेतून आत सरकवलेली लांब बारीक नळी, कारण एका चिवट इन्फेक्शनसाठी सहा आठवडे शिरेतून अँटिबायोटिक चालू होतं. नळ्या कशा सांभाळायच्या ते डिस्चार्जच्या वेळी सविस्तर सांगितलं गेलं. त्या जागेवर कशा धरून ठेवायच्या, याबद्दल एकच वाक्य: "टेप बदलत राहा." पहिल्या आठवड्यात मी ज्या ज्या वेळी रडले, त्या प्रत्येक वेळी कारण टेपच होती.

आज आठ महिने झाले. मधल्या काळात त्या तिन्ही नळ्या निघाल्या, एक नवी आली. ज्यांच्या घरी नुकतंच असं माणूस आलंय त्यांच्यासाठी लिहितेय. मी नर्स नाही, रोज हे करणारी मुलगी आहे. तुमच्या डॉक्टरांनी किंवा सिस्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

सुरुवात नाकापासून, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच केल्या. साधी कागदी टेप घ्यायची, अर्ध्यापर्यंत मधोमध कापायची, म्हणजे तिला पॅन्टसारखे दोन पाय होतात. वरचा रुंद भाग नाकावर आणि दोन पाय नळीभोवती एकमेकांच्या उलट दिशेने गुंडाळायचे. मी हे अगदी घट्ट करायचे. नळी नाकपुडीच्या कडेला चापून बसली की मला बरं वाटायचं, हलत नाही म्हणजे सुरक्षित आहे असं. तिसऱ्या दिवशी कडेवर लाल खाच दिसली. घरी येणाऱ्या सिस्टरनी ती बोटाने दाबून पाहिली. लाली पांढरी पडली नाही. "अहो ताई, नळी नाकाला नाही चिकटवायची, टेपला चिकटवायची," त्या म्हणाल्या. त्यांनी नळी नाकपुडीच्या बरोबर मध्यावर सरळ खाली लोंबती ठेवली, कुठल्याच कडेला टेकणार नाही अशी, आणि मग पाय गुंडाळले. पुढे गालावर दुसरी टेप लावली, तीही नळीवरून सपाट दाबून नाही. आधी नळीला सगळीकडून कवळून, दोन्ही बाजू नळीखाली एकमेकींना चिकटवून, मगच त्वचेवर. नळी आणि गाल यांच्यामध्ये टेपचीच एक छोटीशी उभी भिंत तयार होते. ही एक गोष्ट मी पुढे प्रत्येक नळीला वापरली.

खरी फजिती दुसऱ्या आठवड्यात. जुनी टेप निघताना आई कळवळायची, म्हणून मी कापसावर तेल घेऊन टेपच्या कडेने फिरवलं. टेप लोण्यासारखी सुटली. मी खूश. नाक वरवर पुसलं आणि नवी टेप लावली. रात्री अडीचला आईने झोपेत उजव्या हाताने नाक खाजवलं आणि नळी टेपसकट हातात आली. तेलाच्या पातळ थरावर कुठलाच गोंद बसत नाही, हे तेव्हा कळलं. सकाळी नवी नळी, पुन्हा एक्स-रे, पुन्हा आईच्या डोळ्यांतून पाणी. तेव्हापासून ज्याने काढायचं ते वापरल्यावर कोमट पाणी आणि सौम्य साबण, मग कोरडं करणं, मग पाच मिनिटं काहीच न करणं. सिलिकॉनवर आधारित रिमूव्हर वाइप मिळतात. ते उडून जातात, मागे चिकटपणा राहत नाही. महाग आहेत, पण मी आता दुसरं काही वापरत नाही.

नळी नाकपुडीशी जिथे येते तिथे पेनने खूण करून ठेवा. आमची ५५ सेंटिमीटरवर होती. प्रत्येक फीडच्या आधी ती खूण बघायची आणि सिरिंजने पोटातला थोडा रस ओढून आम्लता मोजायच्या पट्टीवर लावायचा. पीएच ५.५ किंवा त्याखाली आला तरच पुढे. खूण जागेवर आहे म्हणून टोक पोटातच आहे असं होत नाही, खोकल्याने ते आतल्या आत सरकू शकतं. हवा सोडून स्टेथोस्कोपने आवाज ऐकायची पद्धत खूप जण सांगतात. ती भरवशाची नाही, ब्रिटनमधल्या अधिकृत सूचनांनी ती कधीच बाद केली आहे.

तयार मिळणारे नाकाचे होल्डर मी तीन प्रकारचे वापरले. कापडी पाठीचे, ॲक्रिलिक गोंदाचे. सिलिकॉन गोंदाचे. आणि प्लास्टिकची छोटी चिमटी असलेले. माझी अपेक्षा होती की सिलिकॉन जिंकेल, कारण सगळीकडे त्याचंच कौतुक वाचलं होतं. नाकावर ते हरलं. नाकाची त्वचा तेलकट, त्यात घाम, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोपरे वर यायचे. ॲक्रिलिक मात्र तीन दिवस टिकायचं. यामागचं कारण समजलं तेव्हा बरीच कोडी सुटली. ॲक्रिलिक गोंद अंगाच्या उबेने हळूहळू त्वचेच्या बारीक खाचांमध्ये उतरतो, म्हणून लावल्यावर काही तासांनी त्याची पकड वाढते. काढताना वरच्या पेशी घेऊन जातो तो त्याचमुळे. सिलिकॉन मऊ असतं, टेकताक्षणी जेवढं बसायचं तेवढं बसतं आणि पुढे फारसं वाढत नाही. म्हणून ते उचलून पुन्हा लावता येतं, म्हणूनच त्याच्यावर ओढ सहन करायची जबाबदारी टाकता येत नाही. माझी शेवटची जोडणी अशी ठरली: नाकावर आधी त्वचेवर संरक्षक थर धरणाऱ्या बॅरिअर वाइपचा पातळ हात, तो अर्धा मिनिट वाळू द्यायचा, त्यावर ॲक्रिलिक. गालावर नुसती सिलिकॉन टेप, बॅरिअर नाही.

आणखी एक. टेप ताणून लावू नका. रिळावरून ओढून तशीच ताणलेली चिकटवली की ती परत आखडायला बघते आणि कडेची त्वचा सोबत खेचते. आईच्या गालावर टेपच्या टोकांशी पाण्याने भरलेले दोन फोड आले, तेव्हा मला वाटलं ॲलर्जी आहे. टेपची चूकच नव्हती, माझ्या हाताची होती. मधून लावायला सुरुवात करा, मग दोन्ही बाजूंना बोट फिरवा. बोटाने दाबणं महत्त्वाचं, हे गोंद दाबानेच जागे होतात.

काढण्याबद्दल जरा रेंगाळते. वय झालं की त्वचेचा वरचा थर आणि खालचा थर यांना एकमेकांत अडकवणाऱ्या लाटा सपाट होत जातात, आणि थोड्या ओढीनेही वरचा पापुद्रा सुटतो. आईच्या हाताच्या पाठीवरची सलाईनची टेप निघताना कुणीतरी घाईत वर उचलून ओढली होती. रुपयाएवढी त्वचा टेपला चिकटून आली. ती जखम भरायला तीन आठवडे लागले. मी असं करते: कोपरा नखाने खरवडत नाही, दुसऱ्या टेपचा तुकडा त्या कोपऱ्यावर चिकटवून त्याने उचलते. मग टेप वर न ओढता स्वतःवरच मागे दुमडते, जवळजवळ त्वचेला समांतर, केसांच्या दिशेने. डाव्या हाताचं बोट सुटत असलेल्या रेषेच्या अगदी मागे त्वचा दाबून धरतं. एक बोट सरकलं की दुसरं. चार इंचांच्या पट्टीला पूर्ण मिनिट लागतं. पारदर्शक फिल्मचं तंत्र याच्या उलट, ती उचलायची नाही, त्वचेला समांतर बाजूला ताणायची, म्हणजे गोंद आपोआप सोडतो. काढल्यावर घड्याळ बघते. लाली अर्ध्या तासाने उतरली नाही तर ती इजाच धरायची. चिकट वस्तूंनी होणाऱ्या इजेची ही व्याख्या २०१३मध्ये तज्ज्ञांनी एकमताने केली. घरात मोजायला तिच्याइतकं सोपं काही नाही.

आता कॅथेटर. आत १० मिलिलिटर पाण्याचा फुगा आहे, तो निसटू देत नाही, मग बाहेरून बांधायचं कशाला, असा माझा हिशेब होता. पहिले काही दिवस नळी मोकळीच. आई सारखी म्हणायची, "अगं, लघवी लागलीय." मी म्हणायचे, "आई, नळी आहे ना, आपोआप होते." तरी तेच. शिवाय नळीच्या कडेने थेंब थेंब गळायचं. कूस बदलली की भरलेल्या पिशवीचं वजन नळीवर यायचं, फुगा मूत्राशयाच्या तोंडावर ओढला जायचा आणि मूत्राशय आकसायचं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या २००९च्या सूचनांमध्ये कॅथेटर हलू नये आणि ओढला जाऊ नये म्हणून नीट बांधा असं स्पष्ट आहे. मी ते नंतर वाचलं. होल्डर लावल्यावर दोन दिवसांत ती तक्रार जवळपास थांबली.

पहिला होल्डर मांडीभोवतीचा वेल्क्रो पट्टा. धुता येतो, गोंद नाही, म्हणून आवडला. मी तो डाव्या मांडीला बांधला, कारण उजवी ती हलवते. हा मूर्खपणा होता. डाव्या पायाला तिला जाणीवच कमी. रात्री पट्टा सरकून दुमडला, सुतळीसारखा झाला, आणि तिला पत्ताच नाही. सकाळी मांडीवर खोल वळ आणि पाऊल सुजलेलं. डॉक्टरांना दाखवलं, सूज संध्याकाळपर्यंत उतरली, पण पट्टा त्या दिवशी कपाटात गेला तो गेलाच. चालत्याफिरत्या माणसाला तो चांगला असेल. ज्याला वळ कळत नाही त्याला नको.

मग चिकटणारा होल्डर घेतला, फोमचा तुकडा आणि वर फिरणारी क्लिप. हा मी सगळ्यात जास्त मार्कांनी पास करते. क्लिपमध्ये नळी बसवताना जिथे तिला दोन फाटे फुटतात, तो भाग क्लिपमध्ये टेकतो, म्हणून सरकत नाही. बाईमाणसाला मांडीच्या आतल्या बाजूला, पुरुषांना मांडीच्या वर पुढून किंवा ओटीपोटावर. लावण्याआधी पाय सरळ करून बघा. नळीला थोडी ढिलाई राहिली पाहिजे, नाहीतर पाय लांब केला की तीच ओढ परत. सात दिवसांनी दुसरी मांडी. घेताना दोन गोष्टी तपासा. नळीचा नंबर: १६ फ्रेंच म्हणजे साधारण सव्वापाच मिलिमीटर जाड, एक फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा भाग. आणि नळी लेटेक्सची की सिलिकॉनची. लेटेक्ससाठीच्या क्लिपमध्ये आमची सिलिकॉनची नळी गुळगुळीत सरकायची, एक अख्खं पाकीट वाया गेलं. तक्रार म्हणाल तर फोमच्या कडा मळतात, धागे गोळा होतात, आणि पाकिटासोबत येणारा बॅरिअर वाइप घाईत ओला असतानाच वर पॅड लावलं की ते तिसऱ्या दिवशी तरंगतं.

पिक लाईनमध्ये माझं काम बघण्याचंच होतं. टाके नव्हते, चिकट बैठकीवरच्या दोन खुंट्यांत नळीचे पंख अडकवून वर झाकण. टाक्यांची भोकं नाहीत म्हणजे जंतूंना तेवढी दारं कमी. वर पारदर्शक ड्रेसिंग, दर सात दिवसांनी सिस्टर दोन्ही बदलायच्या. ओलं झालं किंवा कड सुटली तर आधीच. त्या क्लोरहेक्झिडिन हे जंतुनाशक लावून पूर्ण वाळेपर्यंत हात बांधून उभ्या राहायच्या, मला आधी वाटायचं टंगळमंगळ करतायत. ओल्यावर फिल्म लावली की त्वचा भाजल्यासारखी होते. सहा आठवड्यांत बाहेरची लांबी एक मिलिमीटरही बदलली नाही. याचं श्रेय थोडं नशिबालाही आहे: लाईन उजव्या दंडात होती, तिथे तिचा उजवा हात पोचत नव्हता, आणि डावा हलत नव्हता.

ऑक्सिमीटरचा गुंडाळायचा प्रोब थोडे दिवस होता. त्यात एका बाजूने ६६० आणि ९४० नॅनोमीटरचा प्रकाश निघतो आणि समोरचा सेन्सर तो टिपतो, म्हणून दोघं बोटाच्या आरपार समोरासमोर हवेत. वर जास्तीची टेप घट्ट मारली की आकडा कमी येतो, आणि मग घरात धावपळ. दर चार तासांनी बोट बदला, पुरे.

पडून राहून जखम होऊ नये म्हणून माकडहाडावर लावलेल्या सिलिकॉन फोमच्या पॅडबद्दल मात्र तक्रार नाही. सिलिकॉनची जागा हीच. रोज कोपरा उचलून खालची त्वचा बघायची आणि परत बसवायचा. आठ महिन्यांत पाठीला एकही जखम नाही. कूस बदलणं अर्थातच दर दोन तासांनी चालूच होतं, फोम एकट्याने हे करत नाही.

दोन महिने झाल्यावर डॉक्टरांनी नाकातली नळी काढून पोटातून नळी बसवली, आणि चौथ्या महिन्यात कॅथेटरही निघाला. पोटाच्या नळीला बाहेर एक चकती असते. माझा जुना स्वभाव उफाळून आला, चकती घट्ट सरकवावीशी वाटायची. ती त्वचेपासून साधारण अर्धा सेंटिमीटर सुटी हवी. घट्ट ठेवली तर आतली चकती पोटाच्या भिंतीत रुतत जाते. चकतीखाली जाड गॉझ कोंबला तरी तेच होतं. मी नळीची पुढची बाजू वर वळवून पोटावर त्या टेपच्या भिंतीने लावते, म्हणजे ती कडेला लोंबकळून भोक मोठं करत नाही.

कपाटात अजून बाकी आहे ते: नाकाचे चार होल्डर, कॅथेटरच्या क्लिपचं अर्धं पाकीट, एक पट्टा. न फोडलेलं सिस्टरना देणार आहे, पट्टा ठेवणार नाही. पोटावरची टेप काल सकाळी बदलली. मी कोपरा उचलायच्या आधीच आईने उजव्या हाताची दोन बोटं टेपच्या मागे त्वचेवर दाबून धरली आणि म्हणाली, "हं, आता ओढ."