स्नेअर मोकळा ठेवायचा की मफल करायचा?

ड्रम किटवर एकट्याने स्नेअर (खालच्या बाजूला तारा ताणलेला ड्रम) वाजवला की त्याची रिंग, म्हणजे ठोक्यानंतर रेंगाळणारा नाद, कानात खुपते आणि तो मफल करायला, म्हणजे नाद दाबायला, हात टेपकडे जातो. पण वाजवणाऱ्याचा कान हेडपासून (ड्रमवर ताणलेल्या पडद्यापासून) जेमतेम दोन-अडीच फुटांवर असतो. हॉलच्या मागच्या रांगेत ती रिंग बरीच विरते, आणि बेस, गिटार सुरू झाल्यावर उरलेलीही त्यांच्यात मिसळते. म्हणून दुसऱ्या कुणाला ड्रमवर बसवा, स्वतः वीस-पंचवीस फूट मागे उभे राहून बँडसकट ऐका, मग निर्णय घ्या.

त्याआधी ट्यूनिंग तपासायलाच हवे. एखादा लग (काठावरचा हेड ताणणारा स्क्रू-जोड) सैल असेल तर जवळजवळचे दोन सूर एकमेकांत अडकून आवाज हेलकावतो. हेडवर चिकटवायच्या जेलच्या तुकड्याने तो दबतो, पण मूळ दोष तसाच राहतो आणि जोरात वाजवले की पुन्हा वर येतो. हेडच्या मध्यावर बोट हलकेच टेकवा, प्रत्येक लगसमोर काठापासून इंचभर आत काठीने टिचका आणि सूर जुळेपर्यंत किल्ली पाव वळशाने फिरवा, एकमेकांसमोरच्या लगांच्या जोडीने. टॉम (किटमधला तारा नसलेला ड्रम) वाजवल्यावर स्नेअरच्या खालच्या तारा, म्हणजे वायर, झणझणतात, ते दुखणे वेगळे. तिथे टॉमचा सूर थोडा वर किंवा खाली न्यावा लागतो, वरचे हेड मफल करून फारसे काही साधत नाही.

ट्यूनिंग नीट असेल तर स्टेजवर आमचा कौल मोकळ्या स्नेअरला. रिमशॉटचा (काठी हेडवर आणि रिमवर, म्हणजे धातूच्या काठावर, एकदम मारण्याचा) खणखणीतपणा रिंगमुळेच येतो आणि माइक नसतानाही तो बँडच्या वर उठतो. घोस्ट नोट्सचे, म्हणजे जेमतेम ऐकू येणाऱ्या हलक्या ठोक्यांचे, गणित आणखी नाजूक आहे. हलक्या ठोक्याची ऊर्जा आधीच थोडी, ती आतल्या हवेतून खालच्या हेडपर्यंत पोचली तरच वायर बोलतात. वरचे हेड जड केले की आधी बळी जातो तो घोस्ट नोट्सचा. ब्रशने (काठीऐवजी तारांच्या कुंच्याने) वाजवणाऱ्याने तर हेडवर काहीच ठेवू नये, ब्रश अडकतो.

मफल करण्याची खरी गरज छोट्या, टणक भिंतींच्या खोलीत आणि रेकॉर्डिंगला पडते. कॉम्प्रेसर (आवाजातला लहान-मोठेपणा कमी करणारे साधन) ठोका दाबतो आणि मागची शेपटी वर आणतो. खोलीत किरकोळ वाटलेली रिंग मिक्समध्ये लांबलचक होते. शिवाय फंक किंवा सत्तरच्या दशकातल्या पॉपचा कोरडा, आखूड आवाज हवा असेल तर मफल करण्यावाचून तो मिळत नाही. बीटल्सच्या उत्तरार्धात रिंगो स्टार ड्रमवर चहाचे टॉवेल टाकत असे, तो याच आवाजासाठी.

कशाने? सुरुवात जेलच्या अर्ध्या तुकड्याने करा, रिमपासून इंचभर आत, वाजवणाऱ्याच्या समोरच्या बाजूला. वरचे ओव्हरटोन (मूळ सुरासोबतचे उपसूर) काठाकडे जास्त हलतात, मूळ सूर मध्यावर. त्यामुळे काठाचा तुकडा रिंग खातो आणि अंग, म्हणजे आवाजाचा भरीवपणा, राखतो. तो मध्याकडे सरकवला की अंग जाते आणि काठीची उसळीही मरते. धूळ बसून जेल निसटू लागले तर पाण्याने धुवा, वाळले की पुन्हा चिकटते. जेल नसेल तर तीन-चार इंच गॅफर टेप (कापडी चिकटपट्टी) मध्ये कमान करून लावा, मात्र ती फार काळ ठेवली तर तिचा डिंक मागे राहू शकतो. हेडवर ठेवायची इंचभर रुंदीची प्लॅस्टिकची कडी लावायला सगळ्यात सोपी, पण ती पूर्ण काठ एकदम दाबते, तुकडा लहान करून थोडेथोडे ऐकण्याची सोय तिच्यात नाही. काठाला भोके असलेले ‘ड्राय’ हेड कायम कोरडा आवाज हवा असेल तरच घ्या. जुन्या ड्रममधला आतला डॅम्पर (नाद दाबणारी गादी) हेडला खालून वर ढकलतो, ठोक्याच्या उलट दिशेने. तो पूर्ण सैल करून बाहेरूनच काम भागवणे बरे.

खालच्या हेडला यातले काहीही चिकटवू नका. वरचे एकपदरी हेड बहुधा १० मिलचे (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) असते, खालचे ३ मिलच्या आसपास, आणि वायर त्याच्याच थरथरीवर चालतात.