दुखापत विशेषांक: विद्यार्थ्यांनी लिहिलेला, आणि खरंच वाचण्यासारखा

फिजिओथेरपी शिकणाऱ्या आणि मैदानावर खेळणाऱ्या विद्यार्थ्यांनी मिळून काढलेला हा अंक एका बैठकीत वाचून काढला, मनापासून आवडला. दुखापतीवर लिहायचं म्हटलं की बरेच जण ऑपरेशन लिहितात नाहीतर थेट मैदानात परतल्याचा जल्लोष, मधले महिने गायबच. या पोरांनी तेच मधले महिने लिहिलेत.

एसीएल (गुडघ्यातली हाडं जोडून धरणारा लिगामेंट) फाटलेल्या मुलीचा लेख तर चुकवूच नका. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, फिजिओ म्हणतेय दाब, आणि मांडीचा स्नायू ढिम्म हलत नाही, ती नुसती त्याच्याकडे बघत बसलीये. गुडघ्यात सूज असली की मांडीच्या स्नायूला येणारा सिग्नलच दबतो, हे तिने तिथल्या तिथे ओघात सांगितलंय म्हणून डोक्यात बसतं. पुढे ऑपरेशननंतर ९ महिन्यांच्या आत परत खेळायला उतरलं तर पुन्हा दुखापतीचा धोका का वाढतो, आणि नुसते महिने मोजून भागत नाही, दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के भरायला हवी, एका पायावर उड्या मारायची टेस्ट पास व्हायला हवी, हेही नीट आलंय.

बर्फावरचा लेख छोटा पण भारी. आराम-बर्फ-पट्टी-पाय वर हा 'राइस' फॉर्म्युला १९७८ मध्ये देणाऱ्या डॉ. गेब मर्किन यांनीच पुढे सांगितलं की बर्फ आणि पूर्ण आरामाने जखम भरायला उलट उशीर होऊ शकतो. कविता ठीक आहेत.

एक गोष्ट मात्र खटकली. टाचेमागच्या अकिलीस टेंडनचा व्यायाम दिलाय, पायरीच्या कडेवर उभं राहून टाच हळूहळू खाली, १५ चे ३ सेट, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. आकडे बरोबर आहेत, पण हे करताना थोडं दुखणं अपेक्षितच असतं हे कुठेच नाही, वाचणारा घाबरून दोन दिवसांत सोडून देईल ना! आणि दुखणं अगदी टाचेच्या हाडाला चिकटून असेल तर टाच पायरीच्या खाली न्यायची नसते, हे तर लिहायलाच हवं होतं. फोटोपण समोरून काढलाय, टाच दिसतच नाही.

तरी अंक घ्याच. आणि वाचून झाला की कोचच्या हातात द्या, कारण 'कधीपासून येतोयस प्रॅक्टिसला' हे दर आठवड्याला विचारल्यावर पोरं दुखणं लपवायला लागतात, त्यावर यात आख्खी दोन पानं आहेत.