सर्ली क्रॉस-चेक: पोलादी सायकलचं वजन फ्रेममध्ये नसतं

पोलादी सायकल घेऊन पुण्यातल्या कुठल्याही राइड ग्रुपमध्ये जा. पन्नाशीपुढची मंडळी फ्रेमवरून हात फिरवतात आणि पंचविशीतली मंडळी एका हाताने उचलून बघून काही न बोलता खाली ठेवतात. माझी क्रॉस-चेक आता या दुसऱ्या गटालाही फार नावं ठेवता येणार नाहीत अशी झाली आहे. कॅरिअर आणि मडगार्डसकट १२ किलो. सेकंडहँड घेतली तेव्हा ती १४ किलोंच्या वर होती. फ्रेम तीच, चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) तोच, रंगही तोच.

सर्ली ही अमेरिकेतल्या मिनेसोटाची कंपनी, फ्रेम बनते तैवानमध्ये. क्रॉस-चेक हे मॉडेल त्यांनी वीसेक वर्षं चालवलं आणि आता बंद केलंय, त्यामुळे जुनीच शोधावी लागते. धातू ४१३० क्रोमोली, म्हणजे पोलादात साधारण एक टक्का क्रोमियम आणि चिमूटभर मॉलिब्डेनम. ताकद वाढते, म्हणून नळीचा पत्रा पातळ ठेवता येतो. वेल्डिंगच्या टोकांना जाड, मधे पातळ. मधोमध टिचकी मारली तर आवाज बदललेला कळतो. तरीही ही काही हलकी फ्रेम नाही. माझ्या काट्यावर फ्रेम सव्वादोन किलो, चिमटा एक किलो. याहून हलक्या, महागड्या नळ्यांची पोलादी फ्रेम घेतली असती तर तीनचारशे ग्रॅम वाचले असते आणि पैसे दुपटीच्या पुढे गेले असते. तेवढेच ग्रॅम टायर बदलून निघतात.

ही फ्रेम मला आवडते ती तिच्या मागच्या दोन पट्ट्यांमुळे, जिथे चाकाचा अ‍ॅक्सल बसतो. रोड सायकलच्या हबला (चाकाचा मधला तुंबा) तिथे १३० मिलिमीटर जागा लागते, माउंटन बाइकच्या हबला १३५. सर्लीने ठेवली १३२.५. दोन्ही बसतात. माझ्याकडे १३५ चा हब होता. पेठेतल्या मेकॅनिक काकांनी दोन्ही अंगठ्यांनी पट्ट्या जराशा फाकवल्या, चाक आत सरकवलं आणि म्हणाले, "साहेब, लोखंड आहे, ऐकतं." प्रत्येक बाजूला सव्वा मिलिमीटर, बस. कार्बनला असं करून बघा! शिवाय चाकाची खाच आडवी असल्याने उद्या गिअर काढून सिंगल-स्पीड करायची हुक्की आली तरी चेन ताणता येते. ७०० मापाच्या चाकाचा ४२ मिलिमीटर रुंद टायर मडगार्डसकट मावतो. कॅरिअरसाठी स्क्रूचे आटे पुढे-मागे दोन्हीकडे आहेत, चिमट्याच्या मध्यावरसुद्धा.

आता ते दोन किलो गेले कुठे? जुन्या मालकाने टूरिंगसाठी प्रत्येक गोष्ट 'कधी लागली तर' म्हणून लावलेली. काटेरोधक टायर एकेक आठशे ग्रॅमचा. मी ३५ मिलिमीटरचे मऊ कडेचे टायर घातले, एकेक साडेतीनशेच्या आसपास. एवढ्यातच नऊशे ग्रॅम गेले. लोखंडी कॅरिअरच्या जागी अ‍ॅल्युमिनियमचं आलं, साइड स्टँड निघाला, चामड्याची स्प्रिंगवाली सीट गेली (ती आता घरच्या व्यायामाच्या सायकलवर सुखात आहे). चाकं नव्याने विणली: ३२ भोकांची रिम आणि मधे बारीक होणारे आरे. नुसत्या आऱ्यांनी सत्तर ग्रॅमसुद्धा वाचत नाहीत, पण बारीक आरा खड्ड्यात जरा ताणतो-सैलावतो आणि टोकाशी तुटत नाही. काकांनी आऊट काढून दिल्यापासून आपल्या रस्त्यांवरही चाक सरळ आहे, यापेक्षा मोठी शाबासकी नाही.

चाकाचा एक ग्रॅम दोन ग्रॅमसारखा असतो असं सगळे सांगतात. ते फक्त वेग घेताना, म्हणजे सिग्नलवरून निघताना खरं आहे. कात्रजचा चढ एका लयीत चढताना किलो म्हणजे किलो, चाकात असो की पोटावर. सायकल, मी आणि पाणी मिळून नव्वद किलो धरले तर एका किलोने पाऊण तासाच्या चढात वाचणार अर्धा मिनिट. मग टायरवर खर्च का? कारण मऊ टायर खडबडीत डांबरावर सरळ पळतो, हात बधिर होत नाहीत, आणि २०० किलोमीटरच्या बीआरएममध्ये (ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) साडेतेरा तासांच्या मुदतीत चहाला वेळ उरतो. त्याची किंमतही मोजावी लागते. मुळशीकडच्या रस्त्याच्या कडेला बाभळीचे काटे पडलेले असतात आणि या टायरमध्ये ते आरामात घुसतात. दोन ट्यूब आणि पंप जवळ असल्याशिवाय मी निघत नाही.

गिअरच्या बाबतीत मी मुद्दाम मागे राहिलो. ९ स्पीड, म्हणजे मागे नऊ दातेरी चक्रं. शिमानोच्या ९ स्पीडमध्ये रोड आणि माउंटनच्या मागच्या डिरेलरची (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) केबल-ओढ सारखीच असते, म्हणून हँडलच्या टोकाला बसणारे खटके आणि डिओरेचा लांब डिरेलर सुखाने एकत्र नांदतात. १० स्पीडला ही जोडी जमत नाही. मागे ११ ते ३४ दात्यांची चक्रं, पुढे ४२ आणि २८ दात्यांची. सगळ्यात हलक्या गिअरमध्ये पायडलच्या एका फेऱ्यात सायकल जेमतेम पावणेदोन मीटर पुढे जाते. मागे भरलेल्या पिशव्या असताना वरंधा चढायला हेच लागतं. उतारावर चाळीसच्या पुढे पाय रिकामे फिरतात, फिरू देत. आणि महाडला चेन तुटली तर साध्या दुकानातही ९ स्पीडची मिळण्याची आशा धरता येते. इथे दीडशे ग्रॅम वाचवणारे भाग होते, मी घेतले नाहीत.

कमकुवत बाजू म्हणजे ब्रेक. या फ्रेमला डिस्क लागत नाही, फक्त रिमला धरणारे कँटिलिव्हर किंवा व्ही-ब्रेक. मी व्ही-ब्रेक लावले आणि खाली वळलेल्या हँडलवर त्यांना चालतील असे लांब ओढीचे टेक्ट्रोचे लिव्हर. साधे रोडचे लिव्हर लावले तर ब्रेक कापसात दाबल्यासारखा लागतो. कोरड्यात तक्रार नाही. पण जुलैतला ताम्हिणीचा उतार म्हणजे ब्रेक शू आधी रिमवरचं पाणी पुसतात, मग धरतात. चिखलातली रेती रिम झिजवते ती वेगळीच. दर पावसाळ्यात घाट उतरणाऱ्याने हिची डिस्कवाली बहीण स्ट्रॅगलर बघावी. ती थोडी जड आहे, पण तिथे ते वजन कामाचं आहे.

चालते कशी? संथ आणि सरळ. हात सोडून जॅकेट काढता येतं. पिशव्या लावल्या की उलट जास्त शहाण्यासारखी वागते. स्प्रिंट मारणाऱ्यांना कंटाळवाणी वाटेल, आणि निव्वळ वेगासाठी याच पैशात अ‍ॅल्युमिनियमची रोड सायकल मिळते, ती घ्या. ऑफिस, बीआरएम आणि दिवाळीनंतरची कोकणाची फेरी हे तिन्ही एकाच सायकलवर करायचं असेल तर मात्र मला हिच्याइतकी सोयीची दुसरी माहीत नाही.

गंजाबद्दल लोक उगाच घाबरवतात. रंगाच्या दुकानात डबल बॉइल्ड जवसाचं तेल मिळतं. पावसाळ्याआधी सीटपोस्ट (सीटची दांडी) काढून ते नळ्यांमध्ये ओता, सायकल सगळ्या बाजूंनी फिरवा, निथळू द्या. पावसाळ्यानंतर सीटपोस्ट पुन्हा काढून, पुसून, ग्रीस लावून बसवा. हे न करणाऱ्यांच्या सीटपोस्ट आत धरून बसतात. म्हणून जुनी क्रॉस-चेक बघायला गेलात तर रंगावरचे ओरखडे नंतर बघा. आधी मालकासमोर एल-की मागून सीटपोस्ट हलवून बघा. हलत नसेल तर कितीही स्वस्त देत असला तरी चहा पिऊन परत या.