१५ ॲम्पिअर-अवर सांगून १० ची बॅटरी गळ्यात मारली

मी घेतलेल्या ई-बाईकच्या जाहिरातीत ४८ व्होल्ट, १५ ॲम्पिअर-अवर, म्हणजे ७२० वॉट-अवर. बॅटरीत किती वीज मावते, त्याची ही मापं. हातात पडली ती १० ची, ४८० वॉट-अवर. पैसे पूर्ण घेतले आणि २४० वॉट-अवर, बॅटरीचा सरळ तिसरा हिस्सा, गिळला. २०×४ इंची जाड टायरच्या फोल्डिंग ई-बाईकमध्ये ही चोरी सहज खपते, कारण जाड टायर वीज खातातच. रेंज, म्हणजे एका चार्जिंगमध्ये कापलेलं अंतर, कमी पडली की म्हणायचं, टायरमध्ये हवा कमी असेल.

कळायला हवं होतं पहिल्याच चार्जिंगला. चार्जरवर स्वच्छ छापलंय: ५४.६ व्होल्ट, २ ॲम्पिअर. पूर्ण उतरलेली १५ ची बॅटरी त्यावर साडेसात तासांच्या आत भरूच शकत नाही. पाच तासांत हिरवा दिवा लागला. आणि मी खूश झाले, गाडी लवकर चार्ज होते म्हणून! तो दिवा आठवला की अजून डोकं फिरतं.

डोळे मिटून घेतली नव्हती. फोल्डिंगच्या सांध्याची कडी, तिचं सेफ्टी लॉक, डिस्क ब्रेक, सगळं हलवून पाहिलं होतं. पण बॅटरीचं खोकं सीलबंद, फोडलं की वॉरंटी गेली.

बॅटरीचं वजन मात्र करा, कराच. खोक्यात छोटे गोल सेल जोडलेले असतात. १८६५० मापाचा एक सेल साधारण ४५ ते ५० ग्रॅम. ३ ॲम्पिअर-अवरचे सेल धरले तर १५ साठी १३ च्या पाच रांगा, ६५ सेल. नुसते सेलच तीन किलो. २१७०० मापाचे, म्हणजे थोडे मोठे, ३९ सेल धरले तरी पावणेतीन किलो होतात. माझं अख्खं खोकं केससकट २ किलो ६०० ग्रॅम भरलं.

तक्रारीचं तर विचारूच नका. विक्रेत्याने मीटर लावला, ५४.६ दाखवलं, 'बॅटरी ठणठणीत.' अहो, पूर्ण चार्ज झाल्यावर १० ची बॅटरीही ५४.६ च दाखवते! व्होल्टेजवरून टाकी भरली का कळतं, टाकी केवढी ते नाही. तक्रार कक्षातही हेच. लोड लावून बॅटरी उतरवायची आणि वॉट-अवर मोजायचे, एवढी साधी चाचणी तिथे कुणाला माहीत नाही. अहवाल आणा म्हणाले, आणला. तर 'मान्य प्रयोगशाळेचा नाही.' मग मान्य कोणती? उत्तर नाही. शेवटी काय, तर परतीची मुदत संपली. सहा आठवडे कागद या टेबलावरून त्या टेबलावर कोणी फिरवला?

मुदतीच्या आत एकदा पूर्ण उतरवून, घड्याळ लावून चार्ज करा. मोटरवर '१००० वॉट' दिसलं तर कंटिन्युअस, म्हणजे सलग चालताना, किती ते लेखी घ्या. बहुतेकदा तो पीकचा, म्हणजे क्षणभरच्या जोराचा आकडा असतो. आणि घडी होते म्हणून जिना चढवता येईल असं समजू नका, या गाड्या ३० किलोच्या आसपास असतात.